व्हीआर घेण्याआधी हॉलचं माप घ्या

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात नेणारं यंत्र, म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'केवढ्याला पडतो?' तो विचारण्याआधी टीपॉय सरकवून हॉलमध्ये टेप लावा. चालत-फिरत खेळायच्या गेमना साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. सांगलीतल्या विश्रामबागच्या किंवा साताऱ्यातल्या गोडोलीच्या वन बीएचकेत दहा बाय बाराच्या हॉलमधून सोफा, टीव्ही युनिट आणि दाराची वाट वजा केली की तेवढी जेमतेम उरते. नाही उरली तर एका जागी उभं राहून किंवा खुर्चीत बसून खेळता येतील असेच गेम घ्या. तसे पुष्कळ आहेत.

वरही बघा. ५ फूट ८ इंच उंचीच्या माणसाचा वर केलेला हात सव्वासात फुटांपर्यंत जातो, हातातल्या कंट्रोलरचे तीन-चार इंच वेगळेच. जुन्या वाड्यात तुळई आडवी येते, फ्लॅटमध्ये पंखा. हेडसेट तुम्ही आखून दिलेली भोवतालची हद्द दाखवतो, डोक्यावरच्या पंख्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पंखा बंद करा आणि समोर टेबल फॅन लावा. घाम कमी येतो, काच धुरकटत नाही, शिवाय वारा कुठून येतो यावरून आपलं तोंड कुठे आहे तेही कळतं.

आता पैसे. फेसबुकवाल्या मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हेडसेट अमेरिकेत २०२३ मध्ये ४९९ डॉलरला आला, क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ ला. दोन्हींना पीसी लागत नाही. बाहेरून आणलेल्या पेटीवर आयातीचा कर आणि आणणाऱ्याचा नफा चढतो, म्हणून डॉलरला रुपयाने गुणून बजेट ठरवू नका. वॉरंटी कोणत्या देशात चालेल, हे पैसे देण्याआधी विचारा. नाहीतर बिघाड झाल्यावर पुण्याला हेलपाटे घालूनही पदरात काही पडत नाही. सोनीचा पीएस व्हीआर२ डिसेंबर २०२३ मध्ये भारतात ५७,९९९ रुपयांना आला, पण तो मुळात सोनीच्याच पीएस ५ या गेम कन्सोलला जोडायचा. २०२४ पासून वेगळा अडॅप्टर घेऊन तो पीसीला जोडता येतो, मात्र तो पीसी चांगल्या ग्राफिक्स कार्डचा लागतो. घरात यातलं काहीच नसेल तर ३एस घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइल घालायचा स्वस्त प्लास्टिकचा डबा मात्र घेऊ नका. मान वळवली तर चित्र वळतं, पण तुम्ही पाऊल पुढे टाकलं तर चित्र जागचं हलत नाही. डोळे एक सांगतात, कान आणि पाय दुसरंच, त्यातून मळमळतं. फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे वळणं ओळखणारा सेन्सर, नसेल तर मान वळवूनही उपयोग नाही. यालाच लोक व्हीआर समजतात आणि 'छे, आपल्याला नाही सोसत' म्हणून मोकळे होतात.

३एसमध्ये एक अडचण आहे. दोन बुबुळांमधलं अंतर जुळवायला त्यात तीनच खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. चष्म्याच्या दुकानात हे अंतर, म्हणजे 'पीडी', काढून घ्या. आकडा यांच्या आसपास असेल तर ठीक. ७२ वगैरे निघाला तर चित्र पुसट दिसून डोकं दुखेल, त्यापेक्षा चाक फिरवून अंतर जुळवता येणारा क्वेस्ट ३ बरा. चष्मा लावून खेळणाऱ्यांनी चष्म्याची काच हेडसेटच्या काचेला घासत नाही ना, हे आधी पाहावं. तो ओरखडा पुसून जात नाही.

त्याहून मोठं नुकसान उन्हाचं. पश्चिमेच्या खिडकीपाशी काचा वर करून हेडसेट ठेवला की त्या भिंगासारखं काम करतात आणि आतल्या पडद्यावर कायमचा डाग पडतो. काही मिनिटं पुरतात. खेळून झालं की काचा खाली करून कापडात गुंडाळा. साताऱ्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्याही टाका.

चित्रातले कंट्रोलर हवेत तरंगायला लागले तर आधी उजेड तपासा. अंधारात हेडसेटच्या कॅमेऱ्यांना काही दिसत नाही, समोर मोठा आरसा असला तर ते फसतात. ट्यूबलाइटखाली थरथर जाणवली तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, आपली वीज तेवढ्याचीच. क्वेस्टच्या एका चार्जिंगवर दोन तासांच्या आसपास खेळ होतो. खिशात पॉवर बँक ठेवायची तर १८ वॉट देणारी हवी, कमी असली तर जोडलेली असूनही बॅटरी उतरत राहते.

नवख्याने पहिले काही दिवस पंधरा मिनिटांवर जाऊ नये. गेममध्ये चालण्याऐवजी टेलिपोर्ट, म्हणजे दाखवलेल्या जागी एकदम पोचणं, निवडा आणि वळणं टप्प्याटप्प्याने ठेवा. उलटीसारखं वाटलं की लगेच काढा, रेटून खेळू नका. मेटाच्या हेडसेटला वयाची अट १० वर्षांची, सोनीच्या १२ ची. आजोबांना बसून खेळायला द्यायचं असेल तर गेममध्ये उंची बदलायची सोय आहे का ते पाहा. नसेल तर खुर्चीतल्या माणसाला सगळ्या वस्तू माळ्यावर ठेवल्यासारख्या लांब दिसतात.

गेमचा खर्च वेगळा. बीट सेबर हा गेम अमेरिकेत २९.९९ डॉलरला मिळतो. तसले पाच-सहा गेम घेतले की ३एसच्या निम्म्या किमतीला भिडता. क्वेस्टच्या दुकानात घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणून नवा गेम घेतल्या दिवशी पहिला अर्धा तास तो अंगाला मानवतो का, एवढंच बघा.