सरांचा काळा दोरा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर आमचे विज्ञानाचे सर उभे राहिले. गॅदरिंग, मैदान, प्रार्थना यांवर इतरजण लिहितीलच.

नववीत लंबकाचा प्रयोग होता. लांबी बदलत वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग काढायचा आणि लांबीसमोर आलेखावर मांडायचा. बिंदू काही एका रेषेत येईनात. एक तर भलताच वर गेला. शेजारच्या मित्रानं खोडरबर उचललं, तोच मागून आवाज आला, "का खोडालास बा? मोजलंस न्हवं तू ते?" सरांनी त्या बिंदूभोवती गोल करायला लावला, त्याच लांबीवर वेळ पुन्हा मोजायला लावला. मग खिशातून काळा दोरा काढून आलेखावर ताणला आणि काही बिंदू वर, काही खाली राहतील असा सरकवत राहिले. हातानं मोजलं की थोडं इकडेतिकडे होणारच, म्हणाले. त्या रेषेच्या चढावरून गुरुत्वत्वरण ९.८ च्या अगदी जवळ आलं!

त्या दोऱ्यामागचं गणित कॉलेजात कळलं. फ्रेंच गणितज्ञ लेजाँद्रनं १८०५ साली छापलेली न्यूनतम वर्गांची पद्धत: प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं उभं अंतर, त्याचा वर्ग, आणि त्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल ती रेषा. वर्ग केल्यामुळे भरकटलेला एकच बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढतो. सर त्या बिंदूपाशी का अडून बसले, ते तेव्हा उमगलं.

आज मी नद्यांचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मोजतो. पाण्याची उंची आणि विसर्ग यांचा वक्र बसवणं हे माझं कामच. कणकुंबीकडे, म्हणजे मलप्रभा नदीच्या उगमापाशी, पाऊस कोसळतो तेव्हा तिची मोजमापं विस्कटतात. पुरात पात्र बदललं तर जुना वक्रही चालत नाही. नवीन मुलं संगणकावर वक्राच्या समीकरणाचा, म्हणजे बहुपदीचा, घात वाढवत नेतात. वक्र सगळ्या बिंदूंतून जातो खरा, पण मोजलेल्या उंचीपलीकडे कुठेही उसळतो. मी त्यांना आधी कागदावर बिंदू मांडायला लावतो.

शेजारच्या कन्नड शाळेतली मुलंही संध्याकाळी सरांकडे शंका घेऊन यायची, सर त्यांना कन्नडात समजावायचे. असे शिक्षक लाभलेल्या आपल्या मराठी शाळेचे वर्ग आता रोडावत चाललेत, याचं फार वाईट वाटतं.

प्रयोगशाळेच्या जागी संगणक कक्ष होणार, असं ऐकलं. जरूर करा. पण लंबक, स्टॉपवॉच आणि आलेखवह्या राहू द्या. त्यांचा दरवर्षीचा खर्च मी देईन.