तुम्ही विचारलंत म्हणून: एचपी-१५सीच्या जागी काय घ्यावं?

"एचपी-१५सी आता मिळत नाही, जुना दगा देतोय, मग घ्यायचं काय?" एचपी-१५सी म्हणजे एचपी कंपनीचा प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर. मूळ मशीन निघाला तो १९८२ ते १९८९ एवढाच, पण विचारणा अजून संपलेली नाही.

आधी तो खरंच गेलाय का ते बघा. आत एलआर४४ मापाचे तीन बटणसेल असतात. डाव्या कोपऱ्यात चांदणी लुकलुकायला लागली की सेल उतरले. तिन्ही एकदम बदला, आणि शक्यतो सिल्व्हर ऑक्साइडचे, म्हणजे एसआर४४ घ्या. सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. आता मशीन बंद करून 'ऑन' दाबून धरा, सोबत गुणाकाराची कळ दाबा, आधी 'ऑन' सोडा, मग गुणाकार. साधारण २५ सेकंदांनी सगळ्या घरांत ८ हा आकडा उमटला तर आतलं सर्किट ठणठणीत आहे. 'एरर ९' आला तर नाही. गुणाकाराऐवजी भागाकाराची कळ वापरली की कळांची तपासणी सुरू होते: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, प्रत्येक कळ एकदा. फक्त 'एंटर' दोनदा, कारण ती दोन ओळींत पसरलेली आहे. बरेच जण इथेच चुकतात आणि चांगलं मशीन भंगारात काढतात. शेवटी १५ दिसलं की पास.

मशीन चालतंय तोवर आतले प्रोग्रॅम कागदावर उतरवून ठेवा. 'जी' आणि 'पी/आर' या कळा दाबून 'एसएसटी' कळेने एकेक पायरी पुढे जा. दिसतात ते आकडे म्हणजे कळेची ओळ आणि रकाना: ४२ म्हणजे चौथ्या ओळीतली दुसरी कळ, 'एफ'. म्हणजे '४२,२१,११' ही पायरी 'एफ लेबल ए' झाली. कोड उलगडून कळांची नावंच लिहा, नुसते आकडे दुसऱ्या मॉडेलवर कामाचे नाहीत.

हुबेहूब तेच हवं असेल तर दोन नावं. स्विसमायक्रोज या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा डीएम१५एल: कळा जागच्या जागी, एक सीआर२०३२ सेल, यूएसबी. आणि २०२३ मध्ये मोराविया या कंपनीने एचपीचा परवाना घेऊन काढलेली १५सीची कलेक्टर्स एडिशन, तिला दोन सीआर२०३२ लागतात. उतरवलेले प्रोग्रॅम दोन्हींवर तसेच टाइप करता येतात. परदेशातून मागवताना कुरिअर आणि कस्टम ड्यूटी किमतीत धरा.

दिसायला सारखा म्हणून एचपी-१२सी मात्र घेऊ नका. तो सहज मिळतो, पण हिशेबनीसाचा आहे. साइन-कोसाइन त्यात नाहीतच! जुन्या बाजारातला ११सीसुद्धा स्वस्तात दिसतो, पण त्यात मॅट्रिक्स नाही आणि कॉम्प्लेक्स संख्याही (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) नाहीत.

"कॅसिओ का नको?" याचं उत्तर तुम्ही काय करता त्यावर आहे. समांतर जोडलेले ३+४जे आणि ६−८जे हे दोन इम्पिडन्स (एसी सर्किटमधला विरोध; 'जे' म्हणजे उणे एकचं वर्गमूळ) घ्या. १५सीवर आधी संख्या, मग क्रिया ('एफ आय' दोन भागांची एक कॉम्प्लेक्स संख्या करतं, 'सीएचएस' चिन्ह बदलतं): ३ एंटर ४ एफ आय, १/एक्स, ६ एंटर ८ सीएचएस एफ आय, १/एक्स, अधिक, १/एक्स. उत्तराचा वास्तव भाग ४.६३९२, आणि 'एफ (आय)' दाबून धरलं की काल्पनिक भाग २.०६१९. एकही कंस नाही. कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएस प्लसवर मोड २ मध्ये हेच कंस मोजत लिहावं लागतं, पण उत्तर बरोबर येतं. अडतं ते पुढे. ३+४जे चं वर्गमूळ १५सी एका कळेत देतो, २+जे. ईएस प्लस तिथे 'मॅथ एरर' म्हणतो, कारण तिथे कॉम्प्लेक्सचं वर्गमूळ चालत नाही. मग पोलर रूपात (लांबी आणि कोन) जाऊन लांबीचं वर्गमूळ आणि कोन निम्मा: २.२३६, कोन २६.५६५ अंश. ट्रान्समिशन लाइनची गणितं करणाऱ्याला हे दिवसातून दहादा करावं लागलं तर कंटाळा येणारच. विद्यार्थ्याने मात्र कॅसिओच घ्यावा, कारण बहुतेक परीक्षांत प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर आत नेऊच देत नाहीत.

ज्यांना १५सीच्याही पुढे जायचंय त्यांनी स्विसमायक्रोजचाच डीएम४२ बघावा. तो एचपीच्या जुन्या ४२एसच्या घराण्यातला, ३४ अंकी अचूकतेचा. त्यात कॉम्प्लेक्स संख्या स्टॅकच्या (एंटर केलेल्या संख्या जिथे रचल्या जातात त्या जागेच्या) एकाच घरात बसते, पण प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागतात. आधी फोनवर फ्री४२ हे फुकट ॲप घालून आठवडाभर वापरा. पटलं तर पैसे घाला. कळांचा स्पर्श काही काचेवर मिळणार नाही, पण मेनू पटतात की नाही ते कळेल.

एचपी-३५एस जुन्यात मिळाला तरी इलेक्ट्रिकलवाल्यांनी सोडून द्यावा. पोलर-रेक्टँग्युलर (लांबी-कोन ते ३+४जे सारखं रूप) रूपांतराची कळच त्यावर नाही.