काउंटचं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. क्लासला गिटार शिकायला येणारी पोरं विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले जुने मित्र विचारतात. प्रश्न एकच: "त्या एका गाण्यावरून तुम्ही लोकं एवढं भांडता, मग खरं काय ते सांगा. गाणं भारी आहे की भंकस?"

गाणं म्हणजे ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचं 'द काउंट ऑफ टस्कनी'. 1985 साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन पोरांनी हा बँड काढला, आणि प्रोग्रेसिव्ह मेटल (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं जोरकस रॉक संगीत) म्हटलं की आजही पहिलं नाव त्यांचंच निघतं. 2009 च्या 'ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज' या अल्बममधलं हे शेवटचं गाणं. लांबी 19 मिनिटं 16 सेकंद. जगभरच्या चाहत्यांमध्ये यावरून दोन तट आहेत, तसे ते सोलापुरातही आहेत. इथे माणसं थोडी, त्यामुळे आवाज जास्त.

भांडण संगीतावरून नाही, शब्दांवरून आहे. शब्द गिटारवादक जॉन पेट्रुचीचे, आणि गोष्ट त्याच्या स्वतःच्या अनुभवावरची. इटलीत टस्कनीच्या डोंगराळ भागात फिरताना त्याला एक विचित्र वाटणारा तरुण भेटतो, गाडीत घालून आपल्या भावाकडे, जुन्या वाड्यात नेतो. हा तरुण म्हणजेच काउंट, तिथला सरदार. वाड्यात संताची गोष्ट, तळघरात वाइनची पिंपं, युद्धात त्या पिंपांत लपलेले आणि तिथेच मेलेले सैनिक. पाहुण्याची खात्री पटते की आता आपलं काही खरं नाही, इथून आपण जिवंत जात नाही. आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही. तो सुखरूप परत येतो.

पार्क चौकात उन्हाची धग उतरल्यावर आम्ही जमतो. तिथे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला आमचा मित्र दर वेळी हेच म्हणतो: "पाहुणा म्हणून गेलता, वाइन बघितलं, घाबरून परत आलता. ह्याच्यावर एकोणीस मिनिटं? गाणं आहे की प्रवासवर्णन, सांग की." त्याचा राग आणखी एका गोष्टीचा आहे आणि तो मला पटतो. या अल्बमवर याच्या आधीचं गाणं आहे 'द बेस्ट ऑफ टाइम्स'. ड्रमर माइक पोर्टनॉयने ते आपल्या वडिलांवर लिहिलं, आणि वडील त्याच वर्षी जानेवारीत कॅन्सरने गेले. त्याच्याही आधी 'द शॅटर्ड फोर्ट्रेस', पोर्टनॉयच्या दारू सोडण्यावरच्या गाण्यांच्या मालिकेतलं शेवटचं. बापाचा मृत्यू, व्यसनाशी झुंज, आणि लगेच सहलीत उडालेली भंबेरी? मित्र म्हणतो, त्या बापाचं गाणं संपल्यावर प्लेअर बंद करायचा, पुढे ऐकायचंच नाही.

शब्द कच्चे आहेत, हे मी मान्य करतो. सगळं सरळ सांगून टाकलेलं आहे, ऐकणाऱ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही. बँडचा गायक जेम्स लाब्री ते अशा गांभीर्याने गातो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. पण गाणं भंकस आहे, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही, आणि त्याचं कारण अकरा मिनिटांच्या आसपास सुरू होतं.

तिथे ड्रम थांबतात. जॉर्डन रुडेसचे की-बोर्डचे लांब सूर मागे पसरलेले राहतात आणि पेट्रुची एकेक सूर सोडायला लागतो. क्लासमध्ये मी पोरांना हे हातात घेऊन दाखवतो. तारेवर पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) ठोका पडतो तेव्हा गिटारचा आवाज पूर्ण बंद असतो. ठोका ऐकूच येत नाही. मग पायातल्या व्हॉल्यूम पेडलने सूर हळूहळू वर आणायचा. पेडल नसेल तर उजव्या हाताच्या करंगळीने गिटारवरचं आवाजाचं गोल बटण फिरवायचं, आमच्याकडे बहुतेक पोरं तसंच करतात. करंगळी आधी फिरली तर ठोका ऐकू येतो, उशिरा फिरली तर सूर अर्धा मरून गेलेला असतो. जमलं की सुराला सुरुवातच राहत नाही, तो कुठून आला ते कळत नाही. पेट्रुचीसारखा माणूस, ज्याची ओळखच झपाझप वाजवण्याची, तो इथे मिनिटामागून मिनिट असा एकेक सूर ठेवत जातो. शब्दांना जी भीती सांगता आली नाही ती इथे आहे, कारण भ्यालेल्या माणसाचा वेळ असाच सरतो.

पण मला खरं जे सांगायचंय ते या तुकड्यानंतरचं. शांतता संपते, अकूस्टिक गिटार येते, पाहुणा शेवटचं एकदा विचारतो की मी आता मरणार का. आणि मग बोलणारा बदलतो. आता काउंट बोलतो. तो म्हणतो, अर्थातच तू जायला मोकळा आहेस. जा, जगाला माझी गोष्ट सांग, माझ्या भावाचं सांग, माझं सांग.

म्हणजे सगळा वेळ आपण ज्याच्याकडे संशयाने बघत होतो, तो यजमान होता. त्याने आपलं घर दाखवलं, संत दाखवला, पिंपांतल्या सैनिकांची गोष्ट सांगितली. पाहुण्याला त्यात मरण दिसलं. काउंटला आपल्या घराण्याचा अभिमान होता आणि कुणीतरी तो बाहेर न्यावा एवढीच इच्छा होती. हे गाणं म्हणजे ती इच्छा पुरी केलेली आहे. "काहीच होत नाही" ही तक्रार मला म्हणूनच लागू वाटत नाही. कीर्तनात उत्तररंगातलं आख्यान ऐकताना गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते, आपण बसतो ते बुवा ती कुठे वळवतात त्यासाठी. इथे वळण शेवटच्या काही मिनिटांत आहे, आणि मधला तो शांत भाग नसता तर ते पोचलंच नसतं. अकरा मिनिटं कुणाच्यातरी भीतीत बसल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज ऐकायची तयारी होत नाही.

मित्राचं यावर उत्तर तयार असतं. "हे तू सांगतोस तसं त्याने लिहिलंय का? तू गिटार वाजवतोस, म्हणून तुला सगळं ऐकू येतं." यातलं दुसरं वाक्य बरोबर आहे. आमच्यात जे वाजवतात ते बहुतेक गाण्याच्या बाजूने, आणि जे शब्द पाठ करतात ते विरोधात. मित्राच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी आणि कन्नड. शब्द तोलून घ्यायची त्याला सवय आहे, फुसका शब्द त्याला लगेच बोचतो. ती त्याची ताकद आहे आणि त्याच्यामुळेच मी बाकीच्या गाण्यांचे शब्द नीट ऐकायला लागलो.

बँडचं स्वतःचं मत विचाराल तर, या अल्बमनंतर 2010 मध्ये पोर्टनॉय बाहेर पडला, 2023 मध्ये परत आला. मधल्या काळात, 2022 च्या दौऱ्यात, माइक मॅन्जिनी ड्रमवर असताना, त्यांनी कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने केला. लोकांनी पुन्हा बोलावल्यावर वाजवायला कितीतरी छोटी, सोपी गाणी हाताशी असतात. त्यांनी हे एकोणीस मिनिटांचं निवडलं. मित्र म्हणतो, हे तर त्यांच्या हट्टाचं उदाहरण झालं.

तेव्हा उत्तर असं: शब्द साधारण, गाणं मोठं. ऐकायचंच असेल तर 'द बेस्ट ऑफ टाइम्स' संपल्यावर थांबू नका, पुढचं लागू द्या. पहिल्या दहा मिनिटांत हसू आलं तर खुशाल हसा. ड्रम थांबले की मोबाइल बाजूला ठेवा, आणि शेवटी कोण बोलतंय तेवढं नीट ऐका. त्यानंतरही भंकस वाटलं तर पार्क चौकात या, मित्राच्या बाजूला जागा आहे.