पुनर्विकास, तीन कपाटं आणि सहा इंची पडदा

आमची दादरची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा सोसायटीच्या सभेत कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं यावरून यथेच्छ भांडणं झाली. पुस्तकांचा विषय अर्थातच कोणी काढला नाही. भांडुपच्या भाड्याच्या वन बीएचकेत आई, मी आणि वडिलांची तीन कपाटं भरून पुस्तकं एकत्र राहणं शक्य नाही, हे मात्र खोली बघताक्षणीच कळलं. रद्दीवाला वजनावर घ्यायला तयार होता. त्याला नको म्हटलं आणि ई-रीडर, म्हणजे डिजिटल पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र, विकत घेतला. जे पुस्तक त्यावर मिळेल, ते कागदावरचं वाटून टाकायचं असं ठरवलं.

इंग्रजी पुस्तकांचं काम पटकन उरकलं. दम काढला तो मराठीने. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून मिळतात. नवी, खपणारी पुस्तकं त्यावर बऱ्यापैकी आहेत. अगदी जुनी तर फुकट सापडतात, कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी असे त्यामुळे मोकळे झाले. अडचण मधल्यांची. वडिलांनी साठ ते ऐंशीच्या दशकांत घेतलेले कथासंग्रह, लहान प्रकाशकांची प्रवासवर्णनं, एकच आवृत्ती निघून संपलेल्या कादंबऱ्या. यांचा हक्क संपलेला नाही आणि ई-आवृत्ती काढायला कोणी बसलेलं नाही. आमची कपाटं नेमकी याच पुस्तकांनी भरलेली होती.

काहींची पीडीएफ मिळाली, पण पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं असतं. सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं दिसतं आणि मोठं केलं की ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडला जातो. मग पीडीएफचं ईपब करू म्हटलं, तर बरीचशी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली. मजकूर उचलला की हाती चिन्हांचा नुसता चिवडा. शेवटी एका बारीकशा कथासंग्रहाच्या पानांचे फोटो काढून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेणं, करून पाहिलं. यंत्राला ध-घ, भ-म, थ-य यांतला फरक कळेना. ते सगळं दुरुस्त करण्यात पुस्तक तीनदा वाचून झालं असतं. पुढचं काही मी हाती घेतलं नाही.

पण वाचायला ते यंत्र चांगलंच आहे, हे कबूल करायला हवं. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून जाडजूड कादंबरी वाचता येत नाही. हे वाचता येतं. ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो, म्हणून दारातल्या उन्हातही अक्षर स्पष्ट. पान बदलतानाच काय ती वीज लागते, त्यामुळे चार्जिंग क्वचितच. शिवाय त्यावर व्हॉट्सॲप नाही! फोनवर कादंबरी वाचायला घेतली, की दुसऱ्या पानाला सोसायटीचा ग्रुप हजर. कागदाचा वास वगैरे मला फारसा आठवला नाही. आमच्या पुस्तकांना जुलैपासून बुरशीचाच वास यायचा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही आईला बारीक टाइप नकोसा होतो. तिला अक्षर सगळ्यात मोठं करून दिलं. खूश झाली, पण लगेच म्हणाली, "अगं, चार ओळी झाल्या की पान संपतं. वाचू कधी आणि उलटू किती?" शेवटी मधला आकार दोघींनाही मानवला. कविता मात्र तिने त्यावर वाचायचं साफ नाकारलं, आणि ते बरोबरच आहे. मोठ्या अक्षरात ओळ भलत्याच शब्दावर मोडते आणि वृत्ताचा विचका होतो. दिवाळी अंकांचंही तसंच. दोन रकाने, व्यंगचित्रं, मध्येच जाहिरात. ते टॅबवर जमतं, ई-रीडरवर नाही.

मला सगळ्यात खुपलं ते वेगळंच. ठाण्याच्या मावशीने एक कादंबरी वाचायला मागितली आणि ती देता येईना. विकत घेतली म्हणायचं, पण प्रत्यक्षात मिळतो तो वाचण्याचा परवाना. २००९ साली ॲमेझॉनने हक्काच्या वादावरून जॉर्ज ऑरवेलच्या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, ते खरं. पण कपाटातून पुस्तक काढून न्यायला कोणी घरात शिरत नाही.

हिशेब असा झाला. इंग्रजी पुस्तकं जवळजवळ सगळी गेली, मराठीतली थोडीच. उरलेले खोके मावशीच्या माळ्यावर गेले आणि मावशीने त्यातली वाचायलाही काढली. मी नवं इंग्रजी पुस्तक आता यंत्रावरच घेते. मराठी असेल तर आधी नमुन्याचं प्रकरण उतरवून घेते आणि जोडाक्षरं नीट दिसतात का, परिच्छेद जागच्या जागी आहेत का, ते पाहते. ते बिघडलेलं असेल, तर दादरला उतरून कागदावरचं घेते.