ओस्तिया आंतिका: नदीनं पाठ फिरवलेलं रोमचं बंदर

रोममध्ये चार दिवस होतो. कोलोसियम झालं, फोरम झालं, पण इथली साधी माणसं राहत कशी होती, पुजत काय होती, हे काही हाती लागेना. ते ओस्तियाच्या भग्नावशेषांत लागलं. बरोबर बाबा होते, वय बहात्तर, गुडघे दुखणारे. तरी साडेपाच तास आम्ही आत होतो. रोमला जाणार असाल तर एक अख्खा दिवस या गावासाठी राखून ठेवा.

मेट्रोच्या बी लाइननं पिरामिदेला उतरायचं. लागूनच पोर्ता सान पाओलो स्टेशन आहे, तिथून लोकल. शहरातलं मेट्रो-बसचं साधं तिकीटच चालतं, अर्धा तास लागतो. उतरायचं मात्र ‘ओस्तिया आंतिका’लाच, पुढची ओस्तिया नावाची स्टेशनं समुद्रकिनाऱ्याची आहेत. पादचारी पूल ओलांडला की थोडं चालून दरवाजा येतो. सोमवारी बंद असतं. उन्हाळ्यात सकाळी उघडताच आत शिरा, कारण पाइनची झाडं सोडली तर सावली नाही. जाड तळव्यांचे बूट हवेतच. मुख्य रस्ता काळ्या बसाल्टच्या मोठमोठ्या दगडांचा आहे आणि ते झिजून गुळगुळीत, उंचसखल झालेत. बाबा कडेच्या मातीवरून चालले, ते बरं पडलं.

ओस्तिया म्हणजे मुख. टायबर नदी समुद्राला मिळायची तिथलं हे गाव. इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेचा गहू इथं उतरायचा आणि नदीतून रोमला जायचा. नाट्यगृहाच्या मागच्या चौकात चारी बाजूंनी गाळ्यांची रांग आहे आणि दारादारापुढं काळ्या-पांढऱ्या मोझेकमध्ये व्यापाऱ्यांच्या पाट्या: कुठं जहाज, कुठं दीपस्तंभ, कुठं धान्याचं माप. लिबियातल्या साब्राथाच्या लोकांनी हत्ती काढलाय. लिहिता-वाचता न येणाऱ्या हमालालाही कळेल अशी पाटी! जवळच्या स्नानगृहात समुद्रदेव नेपच्यून चार सागरी घोडे हाकतोय. तो वरच्या सज्जातून बघा. आम्ही कोल्हापूरचे. ब्रह्मपुरीला सापडलेला, टाऊन हॉलच्या संग्रहालयातला तो पितळी रंगाचा छोटा पोसायडन बाबांना लगेच आठवला. तोच देव, ग्रीक नावाचा. समुद्रापलीकडून आपल्या गावापर्यंत पोचलेला.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते इथल्या देवांनी. गावाच्या मुख्य चौकात सम्राट हेड्रियनच्या काळातलं ज्युपिटर, जूनो आणि मिनर्व्हाचं उंच देऊळ आहे, ते सरकारी. पण गल्ल्यांमध्ये इजिप्तचा सेरापिस आहे, आशिया मायनरहून आलेली सीबेले माता आहे, आणि मिथ्रा नावाच्या देवाची तर डझनाहून जास्त पूजास्थानं. ही अरुंद, अंधारी असतात, दोन्ही बाजूंना ओटे, मध्ये वाट; मोबाइलची बॅटरी भरलेली ठेवा, टॉर्च लागतो. फेलिचिसिमुसच्या मिथ्रमंदिरात जमिनीवर शिडी काढली आहे, सात पायऱ्यांची, मिथ्राच्या पंथातल्या दीक्षेच्या सात टप्प्यांची. पहिल्या घरात कावळा, पुढं दिवा, मग सैनिकाचं शिरस्त्राण. खाली अक्षरं आहेत: फेलिचिसिमुसनं नवस फेडण्यासाठी हे केलं. मी तिथं उकिडवी बसून ते नाव दोनदा वाचलं. नवस कशाचा होता, कोण जाणे.

दुपारच्या जेवणाला बरोबर काहीतरी घेऊन जा. खाऊन झाल्यावर डायनाच्या घराजवळची खाणावळ बघा. संगमरवरी ओटा, भांडी मांडायच्या पायऱ्या, आणि भिंतीवर रंगवलेले खायचे पदार्थ. जवळच बेकरी आहे. माणसाच्या कमरेपर्यंत येणारी काळ्या दगडाची जाती, जनावरं जुंपून फिरवायची. तिसऱ्या शतकाच्या अखेरीला ती जळाली आणि पुन्हा कुणी बांधलीच नाही.

रोमचा ऱ्हास मला त्या जात्यांपाशी समजला. टोळ्यांनी येऊन शहर लुटलं, एवढंच आपण शाळेत शिकतो. ओस्तियाचं दुखणं आधीच सुरू झालं होतं. सम्राट क्लॉडियसनं आणि मग ट्राजाननं उत्तरेला पोर्टुस हे नवं बंदर बांधलं, हळूहळू धंदा तिकडं सरकला. कॉन्स्टंटाइननं पोर्टुसला स्वतंत्र शहराचा दर्जा दिला. भाडेकरूंच्या इमारती ओस पडत असताना चौथ्या शतकात काही श्रीमंतांनी क्युपिड आणि सायकीच्या घरासारखी रंगीत संगमरवराची घरं सजवली. हे घर चुकवू नका. गावाच्या टोकाला आहे म्हणून बरेच जण तिथवर पोचतच नाहीत. पुढं नदी गाळानं भरत गेली, दलदल, हिवताप. शेवटी संगमरवर भट्टीत जाळून लोकांनी त्याचा चुना केला. 1557च्या पुरात टायबरनं पात्रच बदललं. समुद्रही आता काही किलोमीटर दूर गेलाय.

पाय चालत असतील तर पोर्ता मरीना या वेशीच्या पलीकडचं ज्यू प्रार्थनास्थळही गाठा. विमानतळाचा रस्ता बांधताना 1961मध्ये ते सापडलं. दगडावर सात फांद्यांची दिवटी कोरलेली आहे.

परतताना स्टेशनकडं घाई करू नका. बाहेर छोटं मध्ययुगीन गाव आहे, तिथं सांता औरेआचं चर्च. ख्रिस्ती धर्मचिंतक सेंट ऑगस्टीनची आई मोनिका 387मध्ये आफ्रिकेला परतताना ओस्तियातच वारली. तिच्या थडग्यावरच्या लेखाचा तुटका संगमरवरी तुकडा 1945मध्ये चर्चशेजारी सापडला, मुलं खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती तेव्हा. तो आत भिंतीला लावलाय. बाबा त्याच्यासमोरच्या बाकावर बसले. पुढची लोकल सोडली, त्याच्या पुढचीही.