सुयांवर सध्या: मुंढ्यापर्यंत आलेला स्वेटर आणि पट्टीला लागलेला श्रग

स्वेटरचं अंग मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडतात तिथवर, आलंय, दोन्ही बाह्या दंडाशी पोचल्यात, आणि श्रगचा (पुढून उघडा, खांद्यावरून घ्यायचा आखूड झगा) चौकोन धुऊन, वाळून आता पट्टीला लागलाय. दोन्ही एकाच वेळी काढण्यामागे काही मोठा विचार नव्हता. स्वेटरच्या अंगाची गोल गोल सुलट वीण कंटाळा आणते आणि श्रगचं ओझं मांडीवर होतं. एकाचा वैताग आला की दुसरं हातात. पण शेजारी शेजारी विणताना माझं एक मत मात्र पक्कं होत गेलं. नवीन शिकणारीला आपण सगळ्याच सांगतो, "आधी श्रग कर, सरळ चौकोन तर आहे." मला हे आता पटत नाही. श्रग विणायला सोपा असतो, अंगावर जमायला अवघड.

स्वेटरला मुंढा असतो, बाहीची घट-वाढ असते, गळा असतो. कापड जरा ताठ झालं तरी आकार त्याला सांभाळून घेतो. श्रगमध्ये तसलं काहीच नाही. खांद्यावरून कापड जसं पडेल तसा श्रग. म्हणजे लोकर, सुई आणि धुतल्यानंतरची वीण या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून, आणि नेमक्या याच गोष्टी नवशिक्या हाताला कळायला वेळ लागतो.

आधी स्वेटर. नमुन्याचा तुकडा ४ मिमी सुईवर, धुऊन वाळवल्यावर १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी. छाती ९६ सेंमी, अंगाला सैल हवा म्हणून ८ सेंमी जास्त, एकूण १०४. २.२ ने गुणलं की २२८.८ येतात, मी २२८ घातले. तुकडा करायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी सांगते: हेच २२८ टाके हात सैल पडून १० सेंमीत २० बसले तर घेर ११४ सेंमी होतो. १० सेंमीत दोनच टाक्यांचा फरक, आणि स्वेटर एक माप मोठा. तुकडाही निदान १५ सेंमीचा करावा आणि मधलेच १० मोजावेत, कारण कडेचे टाके कधीच खरं बोलत नाहीत.

सुयांच्या नंबरांबद्दलही लिहून ठेवते, कारण जुने नमुने वाचताना हा घोळ हमखास होतो. जुन्या ब्रिटिश मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मोजणीत नेमकं उलटं. ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी. नमुन्यात नुसतं "८ नंबर" लिहिलेलं असेल तर लोकरीची जाडी बघून ठरवावं. मी तर सगळं मिलिमीटरमध्येच उतरवून घेते.

पुढचा हिशेब विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांच्या टक्केवारीने केला. अंगाचे टाके शंभर टक्के धरायचे, मग मनगट २०, दंड ३३, काख ८ आणि गळा ४० टक्के. माझ्या २२८ वर मनगटाला ४६, दंडाला ७६, काखेला १८ आणि गळ्याला ९२ टाके आले. टक्केवारी हा आराखडा आहे, देववाणी नव्हे. दंड भरलेला असेल तर ३५ टक्के खुशाल घ्यावेत.

बाही ४६ वरून ७६ वर न्यायची, म्हणजे ३० टाके वाढवायचे, दर वेळी दोन, असं १५ वेळा. बाहीच्या ४३ सेंमीतून ६ सेंमीची एक सुलट एक उलट पट्टी सोडली तर उरतात ३७ सेंमी, म्हणजे १११ फेरे. दर सातव्या फेऱ्यात वाढवलं की १०५ फेऱ्यांत काम होतं आणि वरचे सहा फेरे साधे. दोन्ही बाह्या १०० सेंमीच्या एकाच गोल सुईवर, दोन गुंड्यांनी, एकदमच चालल्यात. दोन गुंड्यांचा गुंता सोडवण्यात थोडा जीव जातो हे खरं, पण एक बाही संपवून दुसरीचा पहिला टाका घालताना जो कंटाळा येतो त्यापेक्षा गुंता परवडला. शिवाय वाढ एकाच फेऱ्यात होत असल्याने दोन्ही बाह्या लांबीला सारख्या येतात, मोजायचं कामच राहत नाही.

आता अंग आणि बाह्या जोडायच्या. काखेचे १८ टाके अंगावर दोन्हीकडे आणि प्रत्येक बाहीवर, असे एकूण ७२ टाके वेगळ्या लोकरीवर काढून ठेवले की सुईवर ३०८ उरतात. तिथून गळ्याच्या ९२ पर्यंत यायचं, म्हणजे २१६ टाके घटवायचे. अंग आणि बाह्या जुळतात तिथे चार तिरक्या रेघा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना एक एक, म्हणजे घटीच्या फेऱ्यात आठ टाके कमी होतात आणि असे २७ फेरे लागतात. इथे थांबून विचार करायला हवा. एकाआड एक फेऱ्यात घटवलं तर ५४ फेऱ्यांत गळा येतो, म्हणजे १८ सेंमी. मला मुंढ्यापासून गळ्यापर्यंत २३ सेंमी हवेत, नाहीतर काखेत काचणारच. २३ सेंमीचे ६९ फेरे. म्हणून पहिल्या १५ घटी दर तिसऱ्या फेऱ्यात आणि उरलेल्या १२ एकाआड एक. छापील नमुन्यांत ही खोली बहुतेक वेळा आधीच बसवलेली असते, म्हणून लक्षात येत नाही. आपला हिशेब आपण केला की टाके जुळतात आणि उंची मात्र जुळत नाही, हे कागदावरच दिसतं. जोडणीच्या फेऱ्याआधी सगळ्या टाक्यांतून एक बारीक सुती दोरा ओवून ठेवणार आहे. उसवायची वेळ आली तर तिथवरच उसवेल.

मागचा गळा पुढच्यापेक्षा जरा उंच लागतो, नाहीतर स्वेटर पाठीमागे सरकत राहतो आणि पुढून गळ्याला टोचतो. पाठीवर अर्ध्या ओळी घालून, म्हणजे मधूनच वळून, दोन-अडीच सेंमी उचलायचा विचार आहे.

आता श्रग. लोकर मुद्दाम वेगळी घेतली, बांबूचा धागा मिसळलेली, धुवायला सोपी करून आणलेली. अशा प्रक्रिया केलेल्या लोकरीवरचे खवले काढलेले किंवा वरून लेप देऊन झाकलेले असतात, त्यामुळे ती धुताना आटत नाही. पण त्याच खवल्यांमुळे टाके एकमेकांना धरून राहतात, म्हणून ही लोकर धुतल्यावर पसरते. माझा तुकडा धुण्याआधी १० सेंमीत ३० ओळी दाखवत होता, धुतल्यावर २८. ऐकायला किरकोळ. पण २१० ओळींचा चौकोन सुईवर ७० सेंमी भरतो आणि धुतल्यावर ७५. म्हणून या लोकरीत मोजपट्टी बाजूला ठेवून ओळी मोजाव्यात. मोजपट्टीने ७५ गाठले असते तर धुतल्यावर ८० झाले असते, आणि श्रगची मागची कड पाच सेंमी जास्त लोंबली असती.

एक चाचणी मला फार उपयोगी वाटते. धुतलेला तुकडा वरच्या कडेला दोन चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवायचा, खालच्या कडेलाही दोन चिमटे, वजन म्हणून. सकाळी परत मोजायचा. स्वेटरचं वजन सगळ्या अंगाने वाटून घेतलं जातं, श्रगचं मात्र खांद्यावर आणि मानेवरच येतं. टांगल्यावर तुकडा ताणून तसाच राहिला तर सुई पाव-अर्धा मिलिमीटर बारीक घ्यावी. ताणलाच नाही आणि पुठ्ठ्यासारखा उभा राहिला तर जाड.

चौकोन ९० बाय ७५ सेंमी, १८० टाके. धुताना कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला, पिळला नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढलं आणि सपाट पसरून टाचण्या लावल्या. मग चौकोन दुमडून टाके घातलेली कड टाके बंद केलेल्या कडेवर आणली, दोन्ही बाजू कोपऱ्यापासून २० सेंमी शिवल्या. घडीजवळ उरलेली ३५ सेंमीची फट म्हणजे हात घालायची जागा. पुढची सगळी मोकळी कड एकसंध १८० सेंमीची: तीच मान, तीच पुढची पट्टी, तीच खालची कड.

या कडेवरून टाके उचलणं सोपं आहे, टाक्याला टाका, एकूण ३६०. हाताच्या फटीवर मात्र ओळींची कड येते आणि ओळ टाक्यापेक्षा बुटकी असते, म्हणून चार ओळींमागे तीनच टाके. ३५ सेंमीत ९८ ओळी, त्यातून ७३-७४ येतात; दोन सुलट दोन उलटसाठी ७२ घेणार.

पट्टी ३० फेऱ्यांची ठरवली आहे, साधारण ११ सेंमी. "आता फक्त पट्टी राहिली" असं म्हणणाऱ्यांनी गुणाकार करून बघावा: ३६० गुणिले ३० म्हणजे १०,८०० टाके, चौकोनात ३७,८००. सगळ्या विणीचा पाचवा भाग "फक्त" पट्टीत जातो. आणि श्रगमध्ये तिच्यात कंजुषी करू नये, कारण मानेवर दुमडून कॉलर होते ती हीच. पाच सेंमीची पट्टी दुमडत नाही, नुसती उभी राहते.

बंद करताना दोन टाके मागून एकत्र विणायचे, आलेला टाका परत डाव्या सुईवर घ्यायचा, पुन्हा दोन एकत्र. साध्या बंद करण्यापेक्षा ही कड ताणते, आणि १८० सेंमीच्या घेराला ती ताणायलाच हवी.

हाताच्या पट्टीची लांबी अजून ठरलेली नाही. पट्टी बंद झाली की उरलेली लोकर काट्यावर तोलून तिचे दोन सारखे गुंडे करेन. कोपरावर थांबायचं की मनगटापर्यंत जायचं, हे त्या वजनावर ठरेल.