वंदनगड: टाक्यातलं पाणी आणि दुकानातलं ओआरएस

काल रात्री घरी आलो, अंग अजून ठणकतंय. तरी आजच लिहितोय, कारण "वंदनवर टाक्यांत बारमाही पाणी आहे" या शब्दावर पुढच्या रविवारी आणखी कुणीतरी निघेल. पाणी आहे. हिरवं, शेवाळलेलं, वर किडे. पिऊ नका.

पुणे-सातारा महामार्गावरून भुईंज, किकली, बेलमाची, आणि तिथून चंदन-वंदन या जोडगडांमधली खिंड. चंदन सकाळच्या गारव्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घात झाला खिंडीतून वंदनला चढताना. अंतर थोडकं, पण एप्रिलच्या सव्वाअकराला त्या उघड्या अंगावर सावली नाही, वारा पडलेला आणि मुरमावर पाय सरकतो. माणशी दोन लिटर नेलं होतं. चढाला लागलो तेव्हा अर्धा लिटर उरलं होतं.

सोबतचा मावसभाऊ आधी उगाच चिडायला लागला. तिथंच मी थांबायला हवं होतं. मग डोकं धरलं, पोटऱ्यांत गोळे आले. सकाळी सातनंतर लघवी नव्हती. झाली ती जराशी, कोऱ्या चहाच्या रंगाची. दरवाजाच्या सावलीत बसवून नाडी मोजली. बसून ९६, उभा केला तर १३० आणि डोळ्यांपुढे अंधारी. कातडीचा चिमटा काढून बघायची पद्धत आहे, पण मोठ्या माणसात ती फसवते. नाडी, लघवी आणि बोलणं बघा. नुसत्या तहानेवर जाऊ नका, ती उशिरा लागते.

तो नीट बोलत होता, अंग तापलेलं नव्हतं, म्हणून तिथंच आडवा केला, पाय उंचावर ठेवले. उरलेलं पाणी घोटघोट, सोबत खारे दाणे. चारनंतर ऊन कललं तसे सावकाश उतरलो. बोलणं बरळल्यासारखं झालं आणि अंग भट्टी झालं, तर तो उष्माघात, मग घाम येत असला तरी. तेव्हा वाट बघायची नाही: अंग भिजवा, वारा घाला, १०८ लावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

खाली एका दुकानात ओआरएस मागितलं. मिळाला फळाच्या चवीचा गोड डबा, छापील किमतीवर पंधरा रुपये जादा. अर्धा पिऊन तो भडाभडा ओकला. खऱ्या ओआरएसमध्ये, म्हणजे जलसंजीवनीत, लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. या प्रमाणात आतडं दोन्ही जोडीनं ओढतं आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. साखर कितीतरी जास्त झाली की उलट पाणीच आतड्यात खेचलं जातं. असल्या पेयांवर 'ओआरएस' लिहायला ऑक्टोबर २०२५ मध्येच बंदी आली, तरी डबा फळीवर होता! मला याचा अजून संताप आहे.

साताऱ्यात मेडिकलमधून साधी पुडी घेतली, पूर्ण एक लिटर पाण्यात कालवली. कमी पाण्यात घट्ट करू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्यानं पाजा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्याहून खारट नको. नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट, रक्तातलं मीठ उतरतं.

मार्च ते मे वंदनला जाऊ नका. जाणारच असाल तर माणशी चार लिटर, दोन पुड्या, आणि दहाच्या आत खिंडीत परत.

रात्री साडेनऊला त्याला लघवी झाली, फिकट पिवळी. मग आम्ही दोघं जेवलो.